तांब्याची पारख

आमच्यापैकी एकाच्या चेंबूरच्या घरी जुन्या अँप्लिफायरला नवे स्पीकर जोडायचे ठरले आणि तार कोणती घ्यावी यावर वाद झाला. विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात तांब्याची जोडतार मीटरवर मिळते. तिच्या कित्येक पट किमतीची तार शोभिवंत खोक्यात येते आणि सोबत ‘शुद्ध’, ‘पारदर्शी’, ‘उबदार’ ही विशेषणे आणते. साहित्याच्या अध्यापकांनी विशेषणांपासून सावध असावे. तरीही आम्ही क्षणभर भुललोच. म्हणून या पारखीचा इतिहास पाहणे अगत्याचे वाटले.

हा प्रश्न ध्वनिमुद्रणाहूनही जुना आहे. तो प्रथम तारायंत्राच्या काळात उद्भवला. १८५७ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या तारा मोजून पाहिल्या. दिसायला सारखे असलेले नमुने वीज वाहून नेण्यात फार भिन्न निघाले. डोळ्यांनी केलेली पारख किती तोकडी असते, हे त्यातून उघड झाले. १८५८ ची अटलांटिक महासागरातील तार काही आठवड्यांतच मुकी झाली. हिंदुस्थानला जोडण्यासाठी १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून टाकलेली तारही निकामी ठरली. पुढे चौकशी समिती बसली आणि प्रत्येक तार कारखान्यातच तपासण्याची रीत रुजली. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार अंथरली, ती या धड्यानंतर. १९१३ मध्ये तांब्याच्या वाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले.

त्या प्रमाणावर आजची विशेषणे ताडून पाहावीत. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांबे साध्या चांगल्या तांब्यापेक्षा जेमतेम एक टक्का सरस भरते. अस्सल चांदीसुद्धा सुमारे सहा टक्केच. याउलट तारेची जाडी १ चौरस मिलिमीटरवरून २.५ केली, तर रोध अडीच पटींनी घटतो. स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध ०.१७ ओहमवरून ०.०७ ओहमवर येतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे दोन्ही आकडे लहानच.

मग बांधणीत पाहावे काय? तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आत पांढरा धातू दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असू शकते. सांधे घट्ट आहेत का, पिनेजवळ तार ओढ सहन करते का, हे तपासावे. यंत्रायंत्रांना जोडणाऱ्या बारीक तारेत मात्र सभोवतालची धातूची जाळी महत्त्वाची; ती विरळ असेल, तर वीजपुरवठ्याची गुणगुण आत शिरू शकते. एवढ्यापुरते थोडे अधिक पैसे मोजणे रास्त आहे.

शेवटी आम्ही पडद्याआड दोन्ही तारा आलटून-पालटून जोडवून घेतल्या. आवाज सारखाच चढवला होता. महाग तार कोणती, हे आम्हाला ओळखता आले नाही. खोके समोर असताना ऐकू आलेली ऊब खोटी नव्हती; आम्ही ती खरोखर अनुभवली होती. तिचे कारण मात्र तांब्यात नव्हते, खोक्यावरच्या मजकुरात होते. अनुभव मान्य करून त्याचे कारण तपासणे हेच आपण वर्गात कवितेबाबत शिकवतो. दुकानात ते विसरलो, याची नोंद इथे करून ठेवतो.