होर्यूजी
होर्यूजी : जपानमधील प्रसिद्ध बौद्ध मंदिर. नारा प्रांतातील ईकारूगा येथे ते असून, त्यातील काही वास्तू जगातील विद्यमान लाकडी इमारतींत सर्वांत प्राचीन मानल्या जातात. राजपुत्र शोतोकू याने इ. स. ६०७ मध्ये त्याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. *निहोन शोकी* या इतिवृत्तात ते ६७० मध्ये जळाल्याची नोंद असल्याने, आजच्या वास्तू मूळच्या की पुनर्निर्मित, हा वाद दीर्घकाळ चालला. १९३९ च्या उत्खननात आवारातच आधीच्या मंदिराचे अवशेष मिळाल्याने पुनर्निर्मितीच्या मतास बळकटी आली. तथापि, पाच मजली पॅगोड्याच्या मध्यस्तंभाचे झाड ५९४ च्या सुमारास तोडले असावे, असे वृक्षवलयांवरून दिसून आले आहे. लाकूड वास्तूहून जुने का, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

जीर्ण भाग उकलून, सडलेले लाकूड बदलून ते पुन्हा जोडण्याच्या परंपरेमुळे या वास्तू टिकल्या. अशाच जीर्णोद्धाराच्या काळात २६ जानेवारी १९४९ रोजी मुख्य मंदिरास आग लागली व अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांची तुलना केली जाते, ती भित्तिचित्रे होरपळली. दुरुस्तीसाठी आधीच उतरविलेला वरचा भाग मात्र बचावला. या हानीमुळे १९५० मध्ये जपानने सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा व्यापक कायदा केला. होर्यूजीचा १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.