बरडी: अहेरीच्या उताराची जमीन

जुन्या चांदा जिल्ह्यातील शेतकरी जमिनीला काळी, कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशा नावांनी ओळखत; यांतील बरडी म्हणजे उतारावरची उथळ, खडेमिश्रित जमीन, जिच्यात नांगर अडतो आणि पाणी टिकत नाही. तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या अहेरी तालुक्यात देवलमरी परिसरात चुनखडीचे साठे आहेत. तेथे खडक झिजून माती होते, तरी चढावर तिचा थर पातळच राहतो.

अशा उतारांवर माडिया आदिवासींनी नांगराऐवजी पेंडा शेती केली, म्हणजे झाडे तोडून, वाळवून, जाळून राखेत कोसरी हे बारीक भरडधान्य पेरायचे आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानाला परत द्यायची. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगल वाढत गेले, 1951 मध्ये जमीनदारी संपून तिची जंगले सरकारकडे गेली आणि या पद्धतीची जागा आक्रसत गेली.