अर्बुदाचे सूक्ष्मपर्यावरण

अर्बुदाचे सूक्ष्मपर्यावरण म्हणजे कर्कपेशींच्या सभोवती असणाऱ्या अन्य पेशी, रक्तवाहिन्या, तंतुमय ऊती आणि रासायनिक द्रव्ये यांचा समुच्चय होय. अर्बुदाची म्हणजेच कर्करोगाच्या गाठीची वाढ, तिचा प्रसार आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद या परिसरावर व पेशींच्या चयापचयावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

इतिहास

इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये 'बीज आणि भूमी' ही कल्पना मांडली. कर्कपेशी शरीरात सर्वत्र पोहोचल्या, तरी अनुकूल अवयवातच रुजतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९२० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना असे आढळले की, पुरेसा प्राणवायू असतानाही कर्कपेशी बऱ्याच ग्लुकोजचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. यास 'वारबुर्ग परिणाम' म्हणतात.

चयापचय

या मार्गाने ऊर्जा कमी मिळते. मात्र नव्या पेशींच्या घडणीसाठी लागणारा कच्चा माल त्वरेने उपलब्ध होतो. ग्लुकोजच्या या वाढीव मागणीमुळेच पेट स्कॅनमध्ये अनेक गाठी उठून दिसतात. लॅक्टिक आम्लामुळे परिसर आम्लधर्मी होतो आणि रोगप्रतिकारक टी-पेशी दुबळ्या पडतात. तथापि, केवळ साखर वर्ज्य केल्याने कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. शरीर अन्य अन्नघटकांपासूनही ग्लुकोज तयार करते.

सभोवतालच्या पेशी

तंतुजनक पेशी गाठीभोवती दाट जाळे विणतात, त्यामुळे औषध आत पोहोचण्यास अडथळा येतो. काही भक्षकपेशी नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस साहाय्य करतात. प्राणवायूची कमतरता असलेल्या भागात किरणोपचाराचा प्रभाव घटतो. सुपारी व गुटख्याच्या सेवनाने तोंडातील आवरणाखालची ऊती तंतुमय व ताठर होते आणि तोंड उघडणे कठीण जाते. ही कर्करोगपूर्व अवस्था मानली जाते.

उपचार

टी-पेशींवरील 'पीडी-१' हा रेणू त्यांच्या कार्यास लगाम घालतो. निवोलुमॅब हे औषध तो लगाम सैल करते. परंतु त्याची किंमत अनेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. सर्व रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व अर्लोटिनिब ही तोंडाने घ्यावयाची औषधे देण्यात आली. एका गटास त्यासोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा दिली. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी आहे. २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण निवोलुमॅबविना १६.३ टक्के, तर निवोलुमॅबसह ४३.४ टक्के होते. या चाचणीत पूर्ण मात्रेशी तुलना केलेली नव्हती. त्यामुळे अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असा निष्कर्ष तिच्यावरून काढता येत नाही. मात्र ज्यांना पूर्ण मात्रा परवडत नाही, अशा रुग्णांसाठी हा पर्याय महत्त्वाचा ठरतो.