रोमन नाण्यांचे निखात आणि संग्राहकाची दृष्टी

दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचा विचार करताना संग्राहकाची आवड आणि इतिहासाची गरज यांतील अंतर स्पष्ट होते. इ. स. १८४७ मध्ये मलबारात कण्णूरजवळील कोट्टयम येथे रोमन सुवर्णनाण्यांचा मोठा निखात सापडला. परंतु तो विक्रीवाटे पांगला आणि त्यातील नाण्यांची एकूण संख्याही निश्चित करता येईनाशी झाली. याउलट, इ. स. १८९८ मध्ये पुदुकोट्टै संस्थानात सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांची एकत्रित नोंद झाली. त्यांतील सर्वांत अलीकडची नाणी सम्राट व्हेस्पेसियन (इ. स. ६९–७९) याची असल्याने हा निखात त्यापूर्वी पुरलेला नाही, हे निश्चित ठरते.

यांतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मुखावर मुद्दाम घातलेला घाव आढळतो. सुबक नमुन्याच्या शोधात असलेला संग्राहक अशी नाणी सदोष मानून बाजूस सारील. तथापि एका नाण्यावरील घाव अपघात मानता येईल. शेकडो नाण्यांवरील घाव ही रीतच मानावी लागते. नाणे चलनातून बाद करून केवळ धातू म्हणून वापरण्यासाठी हे केले असावे, असे मत मांडले जाते. रोमचे धन भारताकडे वाहते, ही प्लिनीची तक्रार सुविख्यात आहे. ते धन येथे कोणत्या रूपाने स्वीकारले गेले, हे मात्र हे घावच सुचवितात.

निखातातून सुटे झालेले नाणे सम्राटाचे नाव राखते. ते पुरणाऱ्याचा इतिहास गमावते.