तळटीप १४ : लग्नाची बातमी व शेजारची जाहिरात

१४. बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या नियतकालिकाच्या या अंकात, लग्नाच्या बातमीत, वधूवरांची आडनावे आहेत, मूळ गाव मात्र कुठेच नाही. वाचकाला ते लागतच नसे. पेणकर, रोहेकर, किहीमकर म्हटले की कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातले गाव कळलेच. तिकडे तेलाचा घाणा चालवणारा हा समाज शनिवारी तो बंद ठेवी, म्हणून शेजारीपाजारी 'शनिवार तेली' म्हणत.

बातमीत लग्नाचा विधी ज्या 'मशिदीत' व्हायचा म्हटले आहे ती म्हणजे सिनेगॉग. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले या समाजाचे पहिले सिनेगॉगही 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाते. बातमीतली मेंदीची चाल कोकणी शेजारातलीच. मलिदा या विधीसाठी पोहे भिजवून त्यांत साखर, ओले खोबरे व वेलची घालतात, ताटात फळे मांडतात आणि एलियाहू हानाबीचे, म्हणजे एलिया प्रेषिताचे, स्मरण करतात. बातमीदाराने हे सारे एका ओळीत उरकले आहे. जेवणाच्या पंगतींना मात्र चार ओळी!

अशा लग्नांतून जुळलेल्या नात्यांचे पुरावे पुढे इस्राएलमध्ये मागितले गेले. तिथल्या धर्मपीठाने १९६० नंतर या समाजाच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी लावली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानल्याचे जाहीर केले.

बातमीशेजारच्या चौकटीत जाहिरात देणाऱ्या शिंप्यानेही पत्त्यात नुसते गल्लीचे नाव दिले आहे. गिऱ्हाईक ओळखीचेच, दुकानाचा नंबर कशाला छापायचा?