राणीच्या बागेची कुळकथा

नाताळच्या सुट्टीत मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांचा एक दिवस ठरलेला असतो. सकाळी गेटवे, जमलं तर लाँचने घारापुरी, नाहीतर थेट भायखळ्याला उतरून राणीची बाग. पोरांना वाटतं बाग म्हणजे वाघ आणि पाणघोडे. पण बाग आधी झाडांसाठी झाली, प्राणी फार नंतर आले.

पश्चिम भारतातल्या शेती-बागायतीच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेची वनस्पतीबाग शिवडीला होती. पुढे ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. १८६२ साली लेडी फ्रिअरच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी व्हिक्टोरियाला वगळून नुसती राणी ठेवली. आज अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असलं, तरी टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडात ‘राणीची बाग’च येतं.

जुन्या वाड्यात न टाकवणारं सामान माळ्यावर चढवतात, तसा या बागेचा उपयोग मुंबईने केला. आवारातलं संग्रहालयच बघा. त्याचा मूळ संग्रह फोर्टातल्या टाउन बॅरेक्समध्ये होता. १८५७च्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि वस्तू बाहेर काढल्या गेल्या. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी नेट लावला म्हणून नवी इमारत सुरू झाली. कापसाच्या तेजीत सुरू झालेलं काम १८६५च्या मंदीत पैशांअभावी अडलं आणि संग्रहालय उघडायला १८७२ साल उजाडलं. शंकरशेट तोवर हयात नव्हते. संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव लागलं ते १९७५मध्ये.

याच संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे आणि त्याच्यापुढून बहुतेक पाहुणे फोटो न काढता निघून जातात. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. बोटी लागायच्या त्या बाजूला तो होता आणि त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. १८६४मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं, तर क्रेनच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे आले बागेत. ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला १९१४मध्ये. सकाळी लाँचने घारापुरीला जाऊन ‘हत्ती कुठाय?’ असं विचारणाऱ्या पोराला खरं उत्तर संध्याकाळी भायखळ्यात मिळतं. मला विचाराल तर बागेतला सगळ्यात मोलाचा प्राणी हाच.

जिवंत प्राण्यांसाठी बागेत जागा झाली १८९०मध्ये. त्यानंतरचं सांगण्यासारखं म्हणजे १९६५च्या सुमाराला आलेली पुतळ्यांची वरात. फोर्टातल्या चौकांना परके राजेराण्या नकोसे झाले होते. युवराज एडवर्डचा काळा घोडा स्वारासकट इथे आला. मूळ जागी त्याचं नाव तेवढं राहिलं, ते अजून आहे. खुद्द राणीही आली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला तिचा हा संगमरवरी पुतळा. १८९६मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. जिच्या नावाने बाग झाली, ती शेवटी संग्रहालयाच्या मागच्या अंगणात राहायला आली!

२०१६मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि सुट्टीच्या रांगा पुन्हा लांबल्या. हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे पक्षी, बर्फातले नव्हेत. तरी मुंबईचा डिसेंबरही त्यांना सोसत नाही, म्हणून ते वातानुकूलित खोलीत.

पण बाग झाडांची, हे विसरू नका. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी इथे आहे आणि तिचे लाल-पिवळे घोस थंडीतच लोंबतात. कुठे ते एखाद्या माळ्याला विचारा, तो कौतुकाने दाखवेल. फक्त बुधवारी जाऊ नका, सहसा बाग बंद असते.