कात्री, साचा आणि कागदी गुलाब

लग्नपत्रिकेवरचा कडेनं नेमका कापलेला, थोडा उठावदार गणपती आपण सगळ्यांनी पाहिला आहे. छपाई आणि कापणी यांची ही जोडी. हौशी कलाकारांसाठी तिचे घरगुती संचही मिळतात: फुलाचा रबरी शिक्का आणि त्याच फुलाच्या आकाराची धातूची डाय. शिक्का उमटवायचा, त्यावर डाय बसवायची आणि दोन रोलरांमधून दाबून काढायची. फूल कागदातून सुटं होतं.

या जोडीची एक जुनी वाट एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात जाते. १८३७ साली गोदफ्रुआ एंगेलमान यांनी फ्रान्समध्ये रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं. पुढे रंगीत चित्रं स्वस्त झाली आणि ती वह्यांत चिकटवण्याची हौस घरोघरी पसरली. कापण्याचं काम मात्र कात्रीचंच होतं. जर्मन छापखान्यांनी तेही आपल्याकडे घेतलं. चित्र छापायचं, दाबून त्याला उठाव द्यायचा आणि धारदार साच्यानं भोवतालचा कागद काढून टाकायचा. देवदूत, गुलाब, मांजरं अरुंद कागदी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. अनेकदा त्या पट्टीवरच कारखान्याचं नाव असे. लंडनमध्ये १८६६ साली धंदा सुरू करणाऱ्या राफाएल टक यांच्या कंपनीनंही पुढे अशी चित्रं विकली.

खरी कसोटी जुळणीची. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, साच्याची पाळी शेवटी. केसभर सरकलं की एका बाजूला पांढरी किनार उरते आणि दुसऱ्या बाजूची पाकळी तुटते. म्हणून चित्र काढतानाच कडेचा विचार करावा लागतो. फार बारीक देठ साच्याला पेलत नाही.

मग हातानं कापणाऱ्याचं काय झालं? १८७३-७४च्या सुमारास आजारी हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी कापलेली चित्रं चिकटवून आठ फळ्यांचा एक पडदा सजवला. कात्रीत त्यांचा हात तयार होता. कुठलं चित्र कुठवर ठेवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. साच्यात ते आधीच कुणी दुसऱ्यानं ठरवलेलं असतं.

मला हे नुकसान छोटं वाटत नाही. वृत्त बांधून मिळालं तरी शब्द निवडण्याची मोकळीक कवीला हवीच असते. पण साच्यानं सगळं नेलं नाही. गुलाबाशेजारी मांजर बसवायचं की देवदूत, हे वही उघडून बसलेलं पोरच ठरवत होतं. तेवढी जागा हातासाठी उरली, म्हणूनच हा छंद टिकला.